पंचाण्णव वर्षांचा कागद

२०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या कमी आणि राजकारणच जास्त तळले गेले. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर तीन आठवड्यांच्या आत. पाच वर्षांत राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले होते, पक्ष फुटले होते, चिन्हे वाटली गेली होती. तेव्हा घरोघरी हाच विषय असल्यास नवल नव्हते. आमच्याकडे मात्र त्याला एक घरगुती कारण होते. आमचे जावईबापू बोईसरच्या एका कारखान्यात पंधरा वर्षे नोकरी करून आता स्वतःचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा काढू पाहत होते. तारापूर एमआयडीसीत एक जुनी शेड विकाऊ होती. काही पैसा बँकेचा, काही त्यांच्या फंडाचा, आणि उरलेला माझ्या निवृत्तीच्या मुदतठेवीतला, असा बेत होता.

सौभाग्यवतींनी करंज्यांचे ताट माझ्यापुढे सरकवले आणि आपला निकाल सांगून टाकला, "अहो, मतदान तोंडावर आलंय. कोणाचं सरकार येतंय, ते टिकतंय की नाही, हे कळू दे. मग घाला पैसे. म्हातारपणची पुंजी आहे ती."

जावईबापू काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

मी पालघरचा. उमेदीची अडतीस वर्षे एका बँकेत काढली आणि त्यांतली बरीचशी बोईसरच्या शाखेत, लहान कारखानदारांचे कर्जअर्ज तपासण्यात गेली. त्या अर्जात रकाने पुष्कळ असत. जागा कोणाची, यंत्र कोणते, माल घेणार कोण, जामीन कोण, सारे विचारलेले असे. पण 'सध्या मुख्यमंत्री कोण व ते किती दिवस टिकतील' असा रकाना मी कधी पाहिला नाही. तरीही सौभाग्यवतींचा प्रश्न वेडगळ म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. अल्बर्तो अलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते १९८२ या काळातील ११३ देशांचे आकडे तपासून १९९६ साली असा निष्कर्ष मांडला होता, की जेथे सरकार कोसळण्याचा संभव अधिक, तेथे आर्थिक वाढ कमी. पैसा भित्रा असतो. उद्या काय होईल हे ज्याला कळत नाही, तो आज थांबतो. पंडितांचा हा निष्कर्ष आणि आमच्या स्वयंपाकघरातला निकाल एकच होता म्हणावयास हरकत नाही.

पण वाचकहो, आमच्या दारातलीच एक गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

तारापूरच्या अणुवीज केंद्राची ही गोष्ट. अमेरिकेशी त्याचा करार झाला १९६३ च्या ऑगस्टात, आणि उभारणीचे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे गेले १९६४ साली. त्याच वर्षी मे महिन्यात पंडित नेहरू गेले. पुढल्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. १९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले, आणि ज्या २४ जानेवारीला इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी या केंद्रामागचे मुख्य डोके, डॉ. होमी भाभा, आल्प्स पर्वतातील विमान अपघातात दगावले. जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. दुष्काळ होता, अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांतून काँग्रेस गेली. एखाद्या सावकाराने अशा घरात कर्ज दिले असते का, हे तुम्हीच सांगा! पण समुद्रकाठी भिंती चढतच राहिल्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्राच्या दोन्ही अणुभट्ट्या रीतसर व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या, आणि त्यानंतर पंधरवडाभरात देशावर राज्य करणारा पक्षच दुभंगला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडील सायकलवर पुढे बसवून ते केंद्र दुरून दाखवायला घेऊन गेले होते, एवढे आठवते.

खरी गंमत पुढेच आहे. या केंद्राला लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे, म्हणजे १९९३ पर्यंत, अमेरिकेने द्यावयाचे आणि आपण ते तिच्याकडूनच घ्यावयाचे, असे करारात होते. १९७४ च्या मे महिन्यात आपण पोखरणला अणुस्फोट केला. त्यात तारापूरचे इंधन वापरलेले नव्हते. पण अमेरिकेला धक्का बसला, आणि तो अगदीच अकारण होता असे मी म्हणणार नाही. १९७८ साली तिने नवा कायदा केला, की जो देश आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीसाठी उघडी करणार नाही, त्याला इंधन नाही. १९८० साली एक खेप सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६, अशा दोन मतांनी कशीबशी सुटली. शेवटी १९८२ मध्ये तडजोड होऊन इंधन फ्रान्सने द्यावे असे ठरले. पुढे चीनकडून आणि रशियाकडूनही ते आले.

आता तराजूत दोन पारडी घाला. १९७४ ते १९८२ या आठ वर्षांत आपल्याकडे आणीबाणी आली व गेली, मोरारजीभाई आले व गेले, चरणसिंग आले व गेले, इंदिराबाई परत आल्या. अमेरिकेत एकच राज्यघटना १७८९ पासून नांदते आहे. स्थिर देश कोणता हे शाळकरी पोरही सांगेल. पण शब्द फिरला तो स्थिर देशाचा! आमच्या अस्थिर देशाने मात्र ते केंद्र चालू ठेवले, मिळेल तेथून इंधन आणून, आपल्या शास्त्रज्ञांकडून पर्यायी इंधन घडवून.

म्हणून मला वाटते, खुर्चीवर कोण बसला आणि किती वर्षे बसला, हे पाहून भागत नाही. तो उठून गेल्यावर त्याने सही केलेल्या कागदाचे काय होते, हे पाहावे लागते.

याचाच दुसरा दाखला ब्रह्मदेशाचा. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली आणि १९८८ पर्यंत, सव्वीस वर्षे, तो देश त्यांच्याच मुठीत राहिला. याहून स्थिर काय असावयाचे? पण १९८७ च्या सप्टेंबरात या स्थिर सरकारने एका दिवसात २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द केल्या, मोबदला न देता. लोकांच्या पेटीतली पुंजी रद्दी झाली. त्याच वर्षअखेर संयुक्त राष्ट्रसंघाने त्या देशाला अत्यंत मागासलेल्या देशांच्या यादीत घातले. तिकडे इटलीत १९४६ पासून साठाहून अधिक मंत्रिमंडळे झाली, आणि मोटारी, शिवणयंत्रे, टंकलेखन यंत्रे जगभर विकून तो देश श्रीमंत झाला तो याच धामधुमीत.

महाराष्ट्राचे तरी काय? वसंतराव नाईक अकरा वर्षांवर मुख्यमंत्री होते, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीचे बस्तान त्यांच्याच काळात बसले. स्थैर्याचा तेवढा गुण मान्य केलाच पाहिजे. पण ते गेल्यानंतर १९७५ ते १९८८ या काळात मुख्यमंत्री नऊ वेळा बदलला. त्याच काळात मी बोईसरला कर्जे मंजूर करीत होतो. रसायने, कापड, पोलाद, औषधे, एकामागून एक शेडी उभ्या राहत होत्या. कारखानदाराच्या हातात एमआयडीसीचा भूखंडाचा पट्टा असे, पंचाण्णव वर्षांचा. मुख्यमंत्री नऊ महिन्यांनी बदलो की नऊ वर्षांनी, तो कागद बदलत नसे, आणि आमची बँक त्याच कागदावर पैसा देत असे.

माझा बुडालेला एक ऋणको आठवतो. उत्तम माणूस, हिशेबाला चोख. त्याच्या कच्च्या मालावरची जकात एका अंदाजपत्रकात उतरली म्हणून त्याने यंत्रे मागवली. पुढल्या अंदाजपत्रकात ती चढली. सरकार तेच, मंत्री तेच! खाते बंद करताना तो मला म्हणाला, "साहेब, सरकार पडलं असतं तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं." अशीच अस्थिरता आमच्या वसाहतीच्या सांडपाण्याबाबतही झाली. नियम होते, पण वर्षानुवर्षे ते कोणी फारसे मनावर घेतले नाहीत, नाले रंगीत वाहत राहिले. मग एके दिवशी हरित न्यायाधिकरणाचा बडगा आला आणि सारे दचकले. ज्याने आधीपासून पदरचा पैसा घालून पाणी शुद्ध केले, तोच त्यात मूर्ख ठरला, याचे मला अजून वाईट वाटते.

दिलेला शब्द पाळला पाहिजे हे खरे, पण शब्द देतानाच वाकडा दिला असेल तर? दाभोळचे एन्रॉन प्रकरण आमच्या पिढीने पाहिले. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, स्पर्धेच्या निविदा न मागवता. १९९५ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने ऑगस्टात प्रकल्प रद्द केला. पुढे त्यानेच पुन्हा बोलणी करून तो उठवला. १९९९ मध्ये वीज आली, ती महाग म्हणून २००१ मध्ये बंद पडली. याउलट १९९१ साली नरसिंह रावांनी अल्पमतातल्या सरकारातून आर्थिक धोरण बदलले. सोने गहाण पडले होते, सर्वांना गरज दिसत होती. त्यांच्यानंतर १९९६ ते १९९८ या दोन वर्षांत तीन पंतप्रधान झाले, पण कोणी ती घडी मोडली नाही.

बुलेट ट्रेनचीही तीच कथा. तिचे एक स्थानक बोईसरला व्हावयाचे. २०१७ साली पायाभरणी झाली. जपानने अत्यल्प व्याजाने पन्नास वर्षांच्या मुदतीचे कर्ज दिले, आणि २०२५ पर्यंत तेथे पाच पंतप्रधान झाले. बोईसरमध्ये कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. आमच्या राज्यात मात्र २०१९ ते २०२२ पर्यंत भूसंपादन रेंगाळले. काही करोनामुळे, बरेचसे राजकारणामुळे. सरकार बदलताच परवानग्या झरझर निघाल्या. गुजरातेत खांब केव्हाच उभे राहिले होते.

हे सारे जावईबापूंना सांगावे म्हणून मी मनात जुळवीत होतो, आणि तेवढ्यात वाढवण आठवले. ते आठवले की माझी बँकवाल्याची बुद्धी जरा अडखळते. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणला बंदर होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. कोळ्यांनी तो कागद जपून ठेवला. मग २०२० मध्ये केंद्राने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, २०२४ च्या जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. आमच्या गावातले दुकानदार खूश झाले. जागांचे भाव ऐकून मीही मनातल्या मनात आमच्या घराची किंमत करून पाहिली, हे कबूल करतो.

पण सातपाटीचा किंवा धाकट्या डहाणूचा कोळी कर्ज काढून नवी बोट बांधतो, तेव्हा तोही भांडवलच गुंतवतो. मी स्वतः अशी कर्जे दिली आहेत. त्याला दहा वर्षांनंतरचा समुद्र दिसावा लागतो. १९९८ चा कागद २०२३ साली फिरला, तो त्याच्या बाजूने पाहिला तर तारापूरच्या इंधनाहून वेगळा कसा? अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीज २००५-०६ मध्ये आली. पुनर्वसनाचे वाद कोर्टकचेरीत त्यानंतरही चालूच राहिले. बंदरामुळे रोजगार येईल, देशाचा व्यापार वाढेल, हे मला पटते. पण परदेशी सावकाराला दिलेला शब्द आणि किनाऱ्यावरच्या माणसाला दिलेला शब्द एकाच मापाने मोजावे, असे जुन्या पासबुकांत आयुष्य घालवलेल्या माणसाला वाटले तर रागावू नका.

असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी जावईबापूंना म्हटले, "सरकारचं राहू द्या. मला चार कागद आणून दाखवा. पट्टा किती वर्षांचा उरलाय, प्रदूषण मंडळाची संमती आहे का, वीज-पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर आहे, आणि खोकी घेणार कोण, त्यांचं पत्र."

तीन कागद दुसऱ्याच दिवशी आले. पाण्याच्या जोडणीचा घोळ निघाला. जुन्या मालकाची थकबाकी होती. ती त्याने भरेपर्यंत मी ठेव मोडायला नकार दिला. मतदान झाले, निकाल लागला, ५ डिसेंबरला शपथविधी झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "झालं की तुमचं सरकार, आता कसली वाट बघताय?" मी म्हटले, "पाण्याच्या पावतीची." ती जानेवारीत आली.

सही करायला गेलो तेव्हा सात वर्षांची नात बरोबर होती. पट्टा १९७८ चा. मी पेन काढले, तर तिने बोट ठेवून विचारले, "आजोबा, हे कधी संपणार?"

"२०७३ साली."

तिने बोटांवर बराच वेळ हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी आईपेक्षाही मोठी असेन!"

जावईबापू हसले. मी खाली सही केली.