चेहरा कोणाच्या हाती द्यायचा?

‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादी सिनेनटी उभी राहते. दुसरा गैरसमज याहून भाबडा. कातडीच्या जागी प्लास्टिक बसवतात, असे मानणारी सुशिक्षित माणसेही मी पाहिली आहेत. माझ्या थोरल्या बहिणीने एकदा गंभीरपणे विचारले होते, ‘‘अरे, उन्हात ते वितळणार नाही ना?’’ तिला हसण्यात अर्थ नव्हता. शब्दच फसवा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे. झाइस नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८३८ साली आपल्या ग्रंथाच्या नावात तो वापरला, तेव्हा आपल्या घरातल्या बादल्या-मगांचे प्लास्टिक जन्माला यायचे होते.

सिनेनट्यांचा भाग हा या शास्त्राचा एक कोपरा. बाकीचे सारे घर तुमच्या-आमच्यासारख्यांचे आहे. दुभंगलेल्या ओठाचे बाळ, स्टोव्हने भाजलेली सून, यंत्रात बोटे गेलेला कामगार, तंबाखूने गालाचा कॅन्सर होऊन जबडा काढावा लागलेला गृहस्थ (त्याला पायातले बारीक हाड काढून नवा जबडा करतात), ही या सर्जनांची रोजची माणसे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे सुधारण्यात उमेदीची वर्षे घातली. ते ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या सर हॅरॉल्ड गिलीज यांनी पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना पुन्हा माणसांत आणले होते.

तेव्हा प्लास्टिक सर्जन निवडण्याची वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते. आमच्या घरावर ती २०१७ च्या दिवाळीत आली. सातारा जिल्ह्यातल्या गावी चकल्या तळताना कढई कलंडली आणि माझी सोळा वर्षांची भाची हनुवटीपासून छातीपर्यंत भाजली. जवळच्या एका रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले. जीव वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकारच मानायला हवेत. पण जखम तीन महिने मलमपट्टी करत आपोआप भरू दिली गेली. खोल भाजलेली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर तिच्यावर शरीराच्या दुसऱ्या भागावरची त्वचा लावावी लागते. नाही तर भरता भरता ती आकसत जाते. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि प्लास्टिक सर्जनला बोलवावे असेही कोणाच्या मनात आले नाही. उन्हाळ्यापर्यंत पोरीची हनुवटी गळ्याकडे ओढली गेली, खालचा ओठ उलटा झाला. तोंड मिटेना, मान वर होईना.

त्यानंतर आम्ही पुण्या-मुंबईत तीन सर्जनांचे उंबरे झिजवले. त्या तीन भेटींत जे कळले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या ठिकाणी दिवाणखान्यासारखी सजवलेली जागा होती. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत बाई उदास, केस विस्कटलेले. नंतरच्या फोटोत लिपस्टिक आणि हसू. डॉक्टरांनी भाचीच्या मानेला हातही लावला नाही. लेसरच्या सहा बैठका घेऊ, डाग नव्वद टक्के जाईल, असे सांगून त्यांनी आम्हाला एका मुलीकडे पाठवले. तिने छापील दरपत्रक पुढे केले. आज पैसे भरले तर सवलत होती. आकसलेल्या मानेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ लिहिले होते. पदवीची अक्षरे मात्र मला ओळखता येईनात.

दुसरे सर्जन नावाजलेले. त्यांनी नीट तपासले, ऑपरेशन काय करायचे तेही सांगितले. पण माझ्या बहिणीने, ‘‘किती दिवस लागतील हो?’’ असे विचारले तेव्हा ते घड्याळाकडे पाहत म्हणाले, ‘‘ते नंतर बघू.’’ त्यांचे कौशल्य कमी होते असे मी म्हणणार नाही. पण या कामात ‘नंतर’ हेच सगळे असते, हे पुढे समजले.

तिसरे एका धर्मादाय रुग्णालयात भेटले. खोलीत पंखा करकरत होता आणि बाहेर चाळीस माणसे. त्यांनी भाचीला तोंड उघडायला लावले, मान चारही बाजूंना वळवून पाहिली, मांडीची त्वचा तपासली. मग आम्हा मोठ्यांना गप्प बसवून तिलाच विचारले, ‘‘बाळ, तुला काय करता येत नाही, ते सांग.’’ घरात वर्षभर तिच्या लग्नाखेरीज बोलणे नव्हते. ती म्हणाली, ‘‘मला वरून पाणी पिता येत नाही.’’ आमच्याकडे तांब्याला ओठ लावत नाहीत. चारचौघांत बसून ती पाणीच प्यायची नाही, हे तिच्या आईलाही त्या दिवशी कळले.

डॉक्टर म्हणाले, ‘‘ते करता येईल. डाग जाणार नाही, जिथली त्वचा घेऊ तिथे मांडीवरही एक खूण राहील. मान वर होईल, तोंड मिटेल. कदाचित दोनदा ऑपरेशन लागेल. त्यानंतर कित्येक महिने रात्रंदिवस मानेला पट्टा, रोज व्यायाम. ते जमणार नसेल तर माझ्याकडे येऊ नका, कारण लावलेली त्वचा पुन्हा आकसेल आणि नाव माझे जाईल.’’

बहिणीला हे फार कठोर वाटले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘पहिले डॉक्टर किती छान बोलत होते!’’ माझे मत तिथेच ठरले. काय होणार नाही हे जो आधी सांगतो, त्याच्या ‘होईल’ या शब्दाला वजन असते. डाग पुसून टाकू असे म्हणणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहावे. व्रण पुसला जात नाही. त्याची जागा, दिशा, जाडी बदलता येते. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळवंडण्याची आणि काहींच्या बाबतीत गाठीसारखा वाढण्याची शक्यता असते, आणि तो निवळायला वर्षभर लागते.

मला सर्वांत पटले ते पुढचे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी भूलतज्ज्ञ बाईंना बोलावून भाची दाखवली. मान मागे जात नसेल तर भूल देताना श्वासनळीत नळी घालणे अवघड होते. ऑपरेशनपेक्षा हा धोका मोठा असू शकतो. त्या बाईंनी, मुलगी जागी असतानाच नाकातून दुर्बिणीने नळी कशी घालणार, हे तिला समजेल अशा भाषेत सांगितले. तेव्हापासून कोणी मला विचारले तर मी सांगतो: सर्जनबरोबर भूल कोण देणार आणि ते ऑपरेशनच्या आधी येऊन तपासणार का, हे विचारा. छोट्या दवाखान्यात होणाऱ्या ‘किरकोळ’ ऑपरेशनसाठी तर हमखास विचारा. अचानक काही झाले तर अतिदक्षता विभाग तिथेच आहे की रुग्णवाहिकेच्या भरवशावर आहे, हेही.

भाचीची ऑपरेशने दोन झाली. पट्टा तिने अकरा महिने वापरला, त्यात एक मे महिनाही आला. डाग आहे. वरून पाणी पिते.

आता पदवीबद्दल. आपल्याकडे एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षे जनरल सर्जरीची एम.एस. आणि त्यावर आणखी तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. असा मुख्य रस्ता आहे. बारावीनंतर शाळकरी पोराचे केस पिकू लागावेत इतकी वर्षे जातात. ही अक्षरे पाटीवर शोधावीत. नुसते ‘कॉस्मेटिक’, ‘एस्थेटिक’, ‘फेलो’ असे शब्द असतील तर कशातले आणि किती दिवसांचे, हे विचारायला लाजू नये. राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरची नोंदणी आणि जास्तीच्या पदवीची नोंद असते. प्लास्टिक सर्जनांची देशपातळीवरची संघटना १९५७ पासून आहे. तिच्या सभासदांत नाव आहे का, हेही पाहता येते. अर्थात नाकाचे काही काम कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात, जबड्याचे काम त्या विषयात शिकलेले दंतशल्यचिकित्सक करतात, केस लावण्याचे काम त्वचारोगतज्ज्ञ करतात. त्यात वावगे नाही. प्रश्न आहे तो कशातच रीतसर न शिकलेल्यांचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केशरोपणाबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले शिक्षण पुरेसे नाही, हे वाक्य त्यांना त्यात लिहावे लागले, यावरून काय समजायचे ते समजावे!

पदवी हा मात्र उंबरठा झाला. त्याच्या आत गेल्यावर विचारायचे ते हे की, ‘माझ्यासारखे ऑपरेशन आपण नेहमी करता का?’ प्लास्टिक सर्जरीत हाताचा तज्ज्ञ वेगळा, फाटलेल्या टाळूचा वेगळा, स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचा वेगळा. सरावाचे महत्त्व सांगणारी एक गोष्ट पुण्याचीच आहे. ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. बाराएक महिन्यांनी पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर पसरून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर फिरवून खाली आणली आणि काथ लावून चिकटवली. पंचवीसएक दिवसांनी ती पट्टी कापली. ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तेच करून पाहिले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाची कातडी खाली आणून नाक घडवण्याची ही युक्ती आजही वापरतात. त्या पुण्याच्या माणसाचे नाव पत्रात नाही. पदवी तर नव्हतीच. पण ते एक काम त्याच्या हातात पुरते बसलेले होते. आज आपल्याला पदवीही हवी आणि तो बसलेला हातही हवा.

ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, हेही विचारून घ्यावे. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, असे होऊ शकते. शिकाऊ डॉक्टर मदतीला असणे गैर नाही, मोठ्या सरकारी रुग्णालयांत तेच असतात आणि त्यांचे हात चांगले असतात. पण मोठे डॉक्टर टेबलाशी उभे राहणार का, एवढे तरी कळायला हवे. फोटो पाहायचे तर त्याच डॉक्टरांच्या रुग्णांचे, एकाच उजेडात, एकाच कोनातून काढलेले आणि वर्षभरानंतरचे. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी न्यावे, मराठीत समजावून घ्यावे. ट्रॉलीवर निजवल्यावर सही करण्यात अर्थ नसतो. आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो म्हटल्यावर जे रागावतात, त्यांच्याकडे परत जाण्याची गरज नाही.

केवळ रूपासाठी जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. वाकड्या नाकापायी खाली मान घालून वावरणाऱ्या माणसाचे दुःख त्याचे त्यालाच ठाऊक. मात्र तिथे ‘नाही’ म्हणणारा सर्जन शोधावा. घटस्फोटानंतर पंधरा दिवसांत नाक बदलायला आलेल्या बाईला, किंवा चरबी काढून वजन उतरवू पाहणाऱ्या लठ्ठ माणसाला, जो चार शब्द सांगून परत पाठवतो तो आपला. सिगारेट ओढणाऱ्याला काही आठवडे आधी ती सोडायला लावणाराही आपलाच, कारण धुराने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि सरकवलेली कातडी मरू शकते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि पुन्हा ऑपरेशन लागले तर खर्च कोणाचा, हे त्यात असावे. रूपासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा मिळत नाही; भाजणे, अपघात, कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला मिळू शकतो, म्हणून कागदावर कारण स्वच्छ लिहिलेले असावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आहेत, ते आधी विचारावे. दुभंगलेल्या ओठांच्या बाळांची ऑपरेशने विनामूल्य करणारे प्रकल्पही आहेत. ओठ साधारण तीन महिन्यांचे असताना शिवतात, टाळू त्यानंतर, बोलायला लागण्याच्या सुमारास. त्यामुळे ‘मोठा झाल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्या आजीबाईंचे ऐकू नये.

एक प्रसंग मात्र असा की, निवड करायला तासही मिळत नाही. कडबाकुट्टीत, उसाच्या रसाच्या चरकात किंवा कारखान्यात बोट तुटते. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, हळद किंवा स्पिरिट लावू नये. जखमेवर फडके दाबून हात उंच धरावा. प्रत्येक बोट जोडता येतेच असे नाही. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर सहा तासांच्या आत त्यात पुन्हा रक्त खेळायला हवे, आणि गावाहून शहरात पोचण्यातच त्यातले तीन जातात. म्हणून शेतावर किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा फोन नंबर आधीच लिहून ठेवलेला असावा. निघता निघता फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन आज तिथे आहेत का, आणि थिएटर मोकळे मिळेल का. नाही म्हणाले तर फोन ठेवू नये. मग आता कुठे जाऊ, ते त्यांनाच विचारावे.