सुईने सांगितलेले आजारपण

फ्रान्समधील कोल्मार शहराच्या संग्रहालयात पाचशे वर्षांपूर्वीचे एक भव्य वेदीचित्र आहे. माथियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने ते १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइम येथील मठासाठी रंगविले. ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा या मठात होत असे. राय या धान्यावर वाढणाऱ्या विषारी बुरशीमुळे हा रोग होई. हातापायांची असह्य आग होई आणि पुढे ते काळे पडून झडत. ग्रुनेवाल्डचा क्रूसावरील ख्रिस्तही देखणा नाही. त्याच्या कातडीवर व्रण आहेत, बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. रुग्णाने मान वर करावी आणि तेथे आपलेच शरीर ओळखावे, अशीच ती योजना असावी.

हे चित्र दक्षिण आफ्रिकेतील डॉ. कॅरोल हॉफमेयर यांच्या मनात घर करून राहिले. वैद्यकाबरोबरच त्यांनी कलेचेही शिक्षण घेतले होते. २००० साली त्या पूर्व केप प्रांतातील हॅम्बर्ग या खेड्यात राहावयास आल्या. केस्कामा नदी हिंदी महासागराला मिळते तेथे वसलेले हे गाव निसर्गसुंदर, पण हाताला काम नसलेले. खोसा भाषक स्त्रियांना चार पैसे मिळावेत म्हणून हॉफमेयर यांनी भरतकामाचा उपक्रम सुरू केला. इंग्लंडहून आलेल्या जाणकार बायकांनी टाके शिकविले. काही वर्षांतच या स्त्रियांनी आपल्या प्रदेशाचा इतिहास सांगणारा सुमारे १२० मीटर लांबीचा भरतपट पूर्ण केला आणि तो केप टाउनच्या संसदभवनात लागला.

परंतु तोवर गावात माणसे मरू लागली होती. भरतकाम करणाऱ्या हातांपैकीच काही हात कृश होत चालले. एड्सचे नाव उघडपणे घेणे लाजिरवाणे होते. ‘बरे नव्हते, गेला’ एवढेच बोलून शोक आटोपला जाई. त्या काळी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाच एचआयव्हीमुळे एड्स होतो याविषयी शंका होती आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट व लिंबू यांची महती गात होत्या. आहाराविषयी आस्थेने वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग विसरू नये. बीट उत्तमच, पण ते औषधाच्या जागी ठेवले की काय होते, हे त्या देशाने पाहिले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात एआरटी औषधे वेळेवर न दिल्यामुळे ३,३०,००० हून अधिक लोकांना प्राण गमवावे लागले.

हॉफमेयर पुन्हा डॉक्टरकीकडे वळल्या. गावात उपचार आणि शुश्रूषेची सोय उभी राहिली, मरणाच्या दारातून काही माणसे परत आली. त्याच सुमारास इझेनहाइमच्या चित्रावरून प्रेरणा घेऊन या स्त्रियांनी आपले स्वतःचे वेदीचित्र भरावयास घेतले. सुमारे १३० जणांचे हात त्याला लागले, त्यांत बहुतेक स्त्रिया. २००५ मध्ये ‘केस्कामा वेदीचित्र’ पूर्ण झाले. उंची चार मीटरांहून अधिक, रुंदी जवळजवळ सात मीटर. भरतकाम, कापडाच्या तुकड्यांची जोडणी, मणिकाम आणि तारकाम असे सारे त्यात एकवटले आहे.

मूळ चित्राप्रमाणेच याचीही दारे उघडतात. बंद असताना समोर क्रूस दिसतो. पण ख्रिस्ताच्या जागी आहे खोसा पद्धतीच्या शोकवस्त्रांतील एक विधवा आणि तिच्याभोवती मुले. खालच्या पट्टीत अंत्यविधी आहे. पहिली दारे उघडली की रंगांचा पूर येतो. झाडे, पक्षी, मासे, देवदूत. गावाला जसे व्हावेसे वाटते तसे गाव. आणि सर्वांत आतली दारे उघडल्यावर, जेथे मूळ वेदीत लाकडात कोरलेले संत बसले आहेत, तेथे हॅम्बर्गच्या तीन आज्या नातवंडांसह उभ्या आहेत. हे भरतकाम नव्हे, पूर्णाकृती छायाचित्रे आहेत. मधली पिढी गेल्यावर नातवंडांना वाढविण्याचे काम ज्यांच्यावर पडले, त्या या आज्या. संतांच्या जागी त्यांना बसविण्याचे धैर्य मला या साऱ्या कलाकृतीत सर्वांत मोठे वाटते.

हे सुईनेच का साधले असावे? रंगचित्र एकट्याने, झपाट्यानेही होते. भरतकामाला वेळ लागतो, आणि ते चार जणींत बसून होते. मान खाली, नजर कापडावर. समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता बोलता येते. आपल्याकडे गोधडी शिवायला बसलेल्या बायकांनी कोणकोणती दुःखे एकमेकींना सांगितली असतील, याची कल्पना कोणीही करू शकेल. तरीही भरतकामाने आजार बरा होतो, असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. टाक्याने रक्तातील विषाणू कमी होत नाहीत. त्यासाठी गोळ्याच लागतात, आणि त्या रोज, वेळेवर घ्याव्या लागतात. टाक्याने घरात पैसा आला, आणि ज्या रोगाचे नाव कोणी घेत नव्हते तो सात मीटर रुंद होऊन सर्वांसमोर उभा राहिला.

औषधे आल्यावरही सारे सुरळीत झाले नाही. ढिसाळ आरोग्यव्यवस्थेमुळे टाळता येण्यासारखे मृत्यू होतच राहिले. २०१० मध्ये या स्त्रियांनी पिकासोच्या ‘गेर्निका’च्या धर्तीवर, जवळजवळ तेवढ्याच आकाराची एक कलाकृती केली. तीत वापरलेली जुनी ब्लँकेटे आणि गंजलेल्या तारा आहेत, लाल फितीच्या आकाराची मणिकामे आहेत. वेदीचित्रातील स्वर्गाचे रंग येथे नाहीत. येथे राग आहे, आणि तो लपविलेला नाही.

२०२२ मध्ये जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिल या टेकडीवर, एकेकाळच्या स्त्रियांच्या तुरुंगात, या भरतकामाचे मोठे प्रदर्शन भरले. गर्भवतींकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणारे नेविरापिन हे औषध सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतून दिलेच पाहिजे, असा आदेश २००२ मध्ये देणाऱ्या घटनात्मक न्यायालयाची इमारत त्याच टेकडीवर आहे.