पिशवी काढली म्हणजे पाळीचं वय सरलं?

‘पिशवी काढून टाकली, कटकट गेली,’ असं बायका एकमेकींना सांगतात. पण रजोनिवृत्ती पिशवीवर, म्हणजे गर्भाशयावर, ठरत नाही, अंडाशयांवर ठरते. म्हणून नेमकं काय काढलं, हाच खरा प्रश्न आहे.

गैरसमज : पिशवी काढली की रजोनिवृत्ती लगेच येते.

वस्तुस्थिती : अंडाशय जागेवर असतील तर फक्त रक्तस्राव थांबतो, इस्ट्रोजेन तयार होत राहतं. मात्र ‘मग काहीच बिघडत नाही’ हेही खरं नाही. अंडाशयांना काही रक्त गर्भाशयाच्या धमनीतून मिळतं. हा पुरवठा तुटल्यामुळे अंडाशय लवकर थकत असावेत, असं मानलं जातं. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात, अंडाशय राखून पिशवी काढलेल्या बायकांपैकी सुमारे १५ टक्क्यांचे अंडाशय चार वर्षांत निकामी झाले. ऑपरेशन न झालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. पाळीच नसल्यामुळे हा बदल बाईच्या लक्षातही येत नाही.

गैरसमज : सोबत अंडाशयही काढले की कॅन्सरची भीती मिटते, तोटा काहीच नाही.

वस्तुस्थिती : पाळी सुरू असताना दोन्ही अंडाशय काढले की रजोनिवृत्ती त्या दिवसापासूनच. एरवी काही वर्षांत हळूहळू होणारा बदल शरीरावर एकदम कोसळतो : गरम वाफा, उडालेली झोप, योनीचा कोरडेपणा, पुढे हाडांची झीज आणि हृदयविकाराचा वाढता धोका. बीआरसीए-१ जनुकात दोष असेल तर हा सौदा परवडतो, कारण तिथे अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये, ३९ व्या वर्षी, याच कारणाने अंडाशय काढले आणि आपल्याला रजोनिवृत्ती आल्याचं उघड लिहिलं. ज्यांना असा आनुवंशिक धोका नाही, त्यांच्यात हे प्रमाण एक-दोन टक्केच असतं. नुसत्या गर्भनलिका काढल्या तर रजोनिवृत्ती लगेच येत नाही.

आपल्याकडे ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती फार स्वस्तात घातली जाते. २०१९ मध्ये बीडच्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, तिथे पाळीच नको वाटते. या बायकांना दोष देता येणार नाही.

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा : अंडाशय ठेवणार की काढणार, आणि का? काढणार असाल, तर हार्मोनच्या गोळ्या आणि हाडांची तपासणी यांबद्दलही त्याच दिवशी विचारा.