सोळा रुपयांचे सोनखत

पालघर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने ठरवले की शौचटाकीतला मैला आपल्या खाचरात रीतसर परवानगी काढूनच टाकायचा, तर त्याने अर्ज कुठे द्यावा? तलाठ्याकडे सात-बारा मिळेल. ग्रामपंचायतीकडे फार तर ना-हरकत दाखल्याचा विषय निघेल आणि पुढच्या सभेवर जाईल. तालुका कृषी कार्यालय खतांच्या परवान्यांचे काम बघते, पण खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या लेखी कच्चा मैला हे खतच नाही. उरले प्रदूषण नियंत्रण मंडळाचे तारापूरचे उपप्रादेशिक कार्यालय. तिथे संमतीपत्र मिळते ते कारखान्याला, प्रकल्पाला, वसाहतीला. शेताला नाही.

थोडक्यात, असा छापील अर्जच नाही. म्हणजे मोकळीक आहे असेही नाही. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याचे चोविसावे कलम नदी, विहीर आणि गटार यांच्याबरोबर जमिनीवरही घातक घाण सोडायला मनाई करते. पंचविसावे कलम मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी जमिनीवर सोडण्याची नवी सोय करू देत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता, १९७० मध्ये मंडळ स्थापले आणि केंद्राचा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. एवढ्या जुन्या व्यवस्थेत मनाई आहे, संमती आहे, दंड आहे. पण गावोगावच्या टाक्या उपसून निघणाऱ्या मैल्याने जायचे कुठे, याचे उत्तर त्या कलमांत सापडत नाही. उत्तर टाकी उपसणारा गाडीवाला शोधतो, आणि बहुतेकदा रात्री शोधतो.

याच तालुक्यातले बोईसर हे या प्रश्नासाठी जणू मुद्दाम घडवलेले गाव आहे. एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत, पलीकडे १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र, मधून पश्चिम रेल्वे. २०११ च्या जनगणनेत एकट्या बोईसरची वस्ती छत्तीस हजारांवर गेली होती, आणि सरावली, पास्थळ, कोलवडे, सालवड, कुंभवली इथल्या चाळी व इमारती वेगळ्याच. शहराएवढ्या या पसाऱ्याचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींच्या हाती राहिला. अशा ठिकाणी इमारत उभी राहते ती शौचटाकी बांधूनच. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी असे नियमावल्या सांगतात. प्रत्यक्षात जिन्याखाली दुर्गंधी येऊ लागली की सोसायटीचा सचिव गाडीवाल्याला फोन करतो. पावसाळ्यात इथले भूजल हाताला लागेल इतके वर येते. तेव्हा शोषखड्डा शोषायचे सोडून उलट भरू लागतो आणि फोन वाढतात.

गाडी टाकी उपसून निघते. घरमालकाने पैसे दिलेले असतात, त्यामुळे गाडीवाल्याचा नफा आता एकाच गोष्टीवर अवलंबून असतो: गाडी किती जवळ रिकामी होते. नाला जवळ असेल तर नाला. एखाद्या शेतकऱ्याने ‘टाका आमच्याकडे, खत होईल’ म्हटले तर त्याचे शेत.

खत होईल, हे खरे किती? हिशेब करून बघण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९३ च्या नियमांत, शेतावर किती मैला टाकता येईल ते ठरवायला एक सूत्र दिले आहे. ते लिटर-किलोत आणले तर घरगुती शौचटाकीच्या हजार लिटर मैल्यात पिकाच्या उपयोगी पडणारे नत्र सुमारे तीनशे ग्रॅम धरले जाते. चार हजार लिटरच्या एका गाडीत सव्वा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत नत्र असते जवळजवळ २१ किलो, म्हणजे एका गोणीबरोबर सोळा-सतरा गाड्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची सुधारित भातासाठी शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची. ती मैल्यातून भागवायची तर एकरी बत्तीस-तेहतीस गाड्या ओताव्या लागतील. अनुदानित युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या भावाने एका गाडीतल्या नत्राची किंमत भरते सोळा रुपये.

मैल्यात स्फुरद असते, सेंद्रिय पदार्थ असतो, उन्हाळ्यात पाण्यालाही मोल असते, हे मान्य. तरी सोळाचे फार तर पन्नास करा. गाडी शेताकडे वळते ती खताच्या ओढीने नाही, डिझेलच्या बचतीने वळते. शेतकरी ज्याला फुकटचे खत समजतो ती प्रत्यक्षात त्याने फुकट दिलेली जागा असते. या व्यवहारात सर्वांत स्वस्त पडलेली वस्तू म्हणजे त्याची जमीन, हे एकदा लक्षात आले की परवानगीचा सगळा प्रश्न वेगळा दिसू लागतो.

त्याच अमेरिकी नियमांत पुढे काय आहे तेही पाहू. मैल्यात चुना मिसळून सामू १२ पर्यंत चढवायचा आणि अर्धा तास तिथेच ठेवायचा. चुना नसेल तर मैला जमिनीच्या पोटात सोडायचा किंवा सहा तासांच्या आत नांगरून गाडायचा. चुना न घातलेल्या शेतात तीस दिवस गुरे सोडायची नाहीत. जमिनीला टेकणारी फळभाजी चौदा महिने काढायची नाही, आणि मुळा-कंदासारखे जमिनीखालचे पीक वीस ते अडतीस महिने. नोंदी पाच वर्षे जपायच्या. हे नियम पालघरच्या शिवारात लावून बघा. भात कापला की इथे बांध सर्वांच्या गुरांना मोकळे होतात. एका खाचरात तीस दिवस गुरे जाऊ द्यायची नाहीत म्हणजे अख्ख्या पाड्याला राखणीला बसवायचे. जुलैत आवणी लागली की बायका दिवसभर अनवाणी चिखलात वाकून असतात. गोल जंताची अंडी मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तग धरतात, आणि अंकुशकृमी तर तळव्याच्या कातडीतूनच शिरतो. पावसाळ्याचे चार महिने या जमिनीवर कच्चा मैला टाकायचा विचारही करू नये. ज्या पाण्यात रोप उभे असते तेच पाणी बांध ओलांडून ओहोळात जाते.

‘पूर्वी टाकत नव्हते का?’ हा प्रश्न जुनी माणसे विचारतातच. टाकत होते, पण जाणकार तो कच्चा टाकत नव्हते. १९३९ मध्ये बंगळुरूला आचार्य नावाच्या शास्त्रज्ञाने बसवलेल्या पद्धतीत मैला आणि शहरातला कचरा खड्ड्यात थरावर थर देऊन महिनोन्‌महिने कुजवत. आपल्याकडे या विद्येचा मोठा उपासक कोकणातच झाला. अप्पासाहेब पटवर्धनांना रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यायला नकार मिळाला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण धरले. सुटल्यावर अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग चालवले. पुढे देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडून दाखवला. त्यांच्या निधनानंतर २०१७ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे उशिरा. या दोघांच्या कामात मैल्याला हात लावणे हलके नव्हते, आणि मैला कुजण्याआधी शेतात नेणे शहाणपणाचे नव्हते. मधल्या काळात पहिली गोष्ट आपण विसरलो: संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही माणसे गुदमरून मरत राहिली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर न्यावी लागली. दुसरी गोष्ट गाडीवाल्याच्या सोयीसाठी विसरलो.

आता तारापूरपुरता वेगळा धोका. अमेरिकी नियम ‘घरगुती’ मैल्यापुरतेच आहेत. कारखान्याचा किंवा व्यापारी जागेचा थेंब मिसळला की ते लागूच होत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर पहिले आले, ९३.६९ गुणांनी. नवापूरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या सांडपाण्यावरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणात गेली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासह शंभरावर कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. अशा मुलखात रात्री शेतात रिकाम्या होणाऱ्या गाडीत नेमके काय आहे, हे वासावरून ठरवायचे का? जंत उन्हाने मरतो, कुजण्याच्या उष्णतेने मरतो. कॅडमियम, क्रोमियम, शिसे मरत नाही. एकदा खाचरात उतरले की ते तिथलेच.

आणि इथेच कायद्याचा विनोद आहे. कारखान्याचा घातक गाळ तळोज्याच्या केंद्राकडे न्यायचा तर २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगीबेरंगी सात प्रतींची पावती लागते: पाठवणाऱ्याची, नेणाऱ्याची, घेणाऱ्याची, मंडळाची. शौचटाकीच्या गाडीला असली कोणतीच पावती लागत नाही. ज्याला लपवायचे आहे त्याने कोणती गाडी वापरावी, हे सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणून मला वाटते, परवानगी शेताला देण्याआधी गाडीला लावली पाहिजे. गाडीची नोंदणी, तिच्यावर जीपीएस, आणि टाकी उपसल्याची व रिकामी केल्याची अशा दोन पावत्या. दुसरी पावती प्रक्रिया केंद्रातूनच मिळावी. केंद्र सरकारचे २०१७ चे मैला व्यवस्थापन धोरण हीच दिशा धरते. शेतात काय जाऊ शकते हेही लिहिलेले आहे. केंद्राच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेनुसार प्रक्रिया केलेल्या सुक्या गाळात ग्रॅममागे विष्ठाजन्य जिवाणू हजाराच्या आत आणि जंताचे अंडे एकाहून कमी हवे. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५०, शिसे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. या दोन्ही कसोट्यांना उतरलेल्या गाळासाठी शेतकऱ्याला कुठे अर्ज घेऊन फिरावे लागू नये. गोणीवर तपासणीचे आकडे छापलेले असले की पुरे.

हे जमते. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ पासून छोटे केंद्र चालले, तिथला गाळ कचऱ्याबरोबर कुजवून शेतकऱ्यांकडे गेला. आपल्याकडे वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी तर फोनची वाट पाहणेच बंद केले. दर तीन वर्षांनी ठरल्या पाळीने टाकी उपसायची, गाडी थेट प्रक्रिया केंद्रावर, आणि खर्च वर्षाच्या स्वच्छता करातून. या शेवटच्या तरतुदीत खरी मेख आहे. टाकी उपसताना पैसे घेतले तर लोक उपसणे लांबवतात, आणि केंद्राच्या फाटकावर पैसे मागितले तर गाडी नाल्याकडे वळते. फाटकावर गाडीला काहीच पडता कामा नये.

बोईसर परिसरातल्या एकट्या ग्रामपंचायतीला हे पेलणार नाही. पण स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात मैला व्यवस्थापनासाठी माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद होती, आणि पाच-सहा गावे मिळून एक केंद्र उभारण्याला हरकत नाही. वाद निघेल तो जागेवर. बोईसरचा मैला घ्यायला किनाऱ्याकडची गावे तयार होणार नाहीत, आणि सगळ्यांची बोटे पूर्वेकडच्या पाड्यांकडे वळतील. अनुसूचित भागातल्या गावांत पेसा कायदा लागू आहे आणि तिथल्या ग्रामसभेला विचारावेच लागेल. तिने ‘नाही’ म्हटले तर ते अडाणीपण समजू नये. तिने जागा दिलीच, तर पहिली अट तिच्या बाजूने असावी: गाडीची तपासणी फाटकावर, गावाच्या माणसासमोर, आणि रासायनिक वास आला तर गाडी तशीच उलटी वसाहतीकडे.