जात्यात काय घातलं, ते आधी पाहू

आज आपण थोडं तत्त्वज्ञानात शिरणार आहोत. घाबरू नका, सुरुवात घरातूनच करू.

"हिशेब शिकलेल्यांनाच जमतो. आजी शाळेत गेली नाही. म्हणून आजीला हिशेब जमणार नाही." असं बोलणं आपण ऐकलेलं आहे. यात तर्काची चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही. पहिली दोन वाक्यं खरी धरली की तिसरं आपोआप येतं. चूक आहे ती पहिल्याच वाक्यात. कधी पाटी न धरलेली आजी बाजारात भाजी विकताना तीन गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. तर्क हा जात्यासारखा. घालाल त्याचं पीठ पडेल, पण जातं काही खडे निवडून देत नाही.

मग आधाराचं वाक्य खरं की खोटं, हे ठरवायचं कसं? इथे बुद्धिवाद येतो. तर्क सगळेच करतात; वकील करतात, सासूबाई करतात, बुद्धिवाद न मानणारे तत्त्वज्ञही करतात. बुद्धिवाद हा मात्र एक दावा आहे. काही मूळ सत्यं डोळ्याकानांच्या साक्षीशिवाय, नुसत्या बुद्धीनं कळतात आणि तिथून तर्कानं पुढचं ज्ञान मिळतं, असा तो दावा. (आगरकरांच्या संदर्भात आपण बुद्धिवाद म्हणतो, तो रूढी बुद्धीवर घासून पाहण्याचा आग्रह. नाव एक, पण गोष्ट वेगळी.)

17व्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त हा या मताचा मोठा माणूस. लांबून गोल दिसणारा बुरूज जवळ गेल्यावर चौकोनी निघतो, मग डोळ्यांवर विसंबायचं कसं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यावर शंका घेतली, तरी शंका घेणारा मी आहे एवढं पक्कं, हे त्याचं पहिलं आधाराचं वाक्य. तिथून पायरी पायरीनं तो इथवर आला, की मन आणि शरीर या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. शरीर जागा व्यापतं, मन व्यापत नाही.

1643 सालच्या मे महिन्यात त्याला हेगहून एक पत्र आलं. लिहिणारी एलिझाबेथ, बोहेमियाची राजकन्या, वय 24. घराण्याचं राज्य गेलेलं, कुटुंब परक्या मुलखात आश्रयाला. तिनं विचारलं ते साधं होतं. वस्तू हलते ती ढकलल्यावर, आणि ढकलायला स्पर्श हवा. जे जागाच व्यापत नाही, ते स्पर्श कसा करणार? मग मनात आलं की हात उचलला जातो, तो कसा? पाहा, तिनं त्याचंच जातं वापरलं. त्याचं वाक्य घेतलं, त्यातून काय निघतं ते काढलं, आणि ते रोजच्या जगण्याशी जुळत नाही हे दाखवलं.

देकार्तनं वजनाचा दाखला दिला. दगडाचं वजन त्याला खाली नेतं, तेव्हा तरी कोण हात लावून ढकलतं? तिला ते पटलं नाही. जूनच्या पत्रात तिनं लिहिलं, की घरचे व्याप आणि लोकांचं येणंजाणं यांतून विचाराला निवांत वेळ मिळत नाही. (हे वाचून ती आम्हाला आपल्यातलीच वाटली.) पण आक्षेप काही मागे घेतला नाही. त्यावर देकार्तनं कळवलं, की मन आणि शरीर जोडलेले आहेत हे नुसत्या बुद्धीला धूसरच कळतं. स्पष्ट कळतं ते इंद्रियांना, रोजच्या जगण्याबोलण्यात. डोळ्यांवर न विसंबणाऱ्यानं हे लिहावं! आमच्या मते हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पण नुसत्या बुद्धीची हद्द कुठे लागते, ते त्यानं स्वतःच दाखवून दिलं.

तो रागावला मात्र नाही. 1644 साली छापलेला आपला मोठा ग्रंथ त्यानं तिलाच अर्पण केला, आणि पत्रं जवळजवळ अखेरपर्यंत चालू राहिली. 1650 मध्ये तो वारल्यावर तिची पत्रं छापायची परवानगी मागितली गेली, ती तिनं दिली नाही. त्याची पत्रं लवकरच छापून आली. तिचे प्रश्न लोकांना वाचायला मिळाले ते 1879 साली.