"तुम्ही ग्रंथालयांत जातां काय?"

"तुम्ही ग्रंथालयांत जातां काय?" हा प्रश्न वरवर पाहतां किती साधा! परंतु ह्याच प्रश्नानें गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका मुलीस मोठ्या पेचांत टाकलें होतें. मुलगी धानोरा तालुक्यांतली; म्हणजे १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतली. घरीं धानाची शेती. मोहाचा हंगाम आला कीं सारें घर पहाटेस रानांत जावयाचें. पदवी घेतल्यावर परदेशीं जाऊन वनविद्येचा अभ्यास करावा असा तिचा मनोदय, आणि त्यासाठीं आय. ई. एल. टी. एस. नांवाच्या इंग्रजी परीक्षेंत पुरेसे गुण मिळविणें भाग होतें. परीक्षेचें शुल्क वडिलांनीं धान विकून भरलेलें. दुसऱ्यांदां तें भरण्याची घरची ऐपत नव्हती.

परीक्षेस पंधरा दिवस उरले असतां ती चंद्रपुरास आमच्या घरीं आली आणि पाठ केलेलीं उत्तरें तिनें धडाधड म्हणून दाखविलीं. ग्रंथालयाविषयींच्या उत्तरांत संगमरवरी जिने होते, रविवारची सकाळ होती, अभिजात कादंबऱ्या होत्या. आम्हीं विचारलें, "हें ग्रंथालय कोठें आहे ग?" तिनें मान खालीं घातली. "कोठेंच नाहीं, काका. एकीच्या वहींतून उतरून घेतलें. आमच्या गांवांत ग्रंथालयच नाहीं, तर मी खरें काय सांगूं?"

हा प्रश्न एकट्या तिचा नाहीं. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. तोंडी परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची. पहिल्या भागांत घर, शिक्षण, आवडीनिवडी अशा परिचयाच्या गोष्टींवर प्रश्न येतात. दुसऱ्या भागांत एका कार्डावर विषय देतात. विचारास १ मिनिट मिळतें आणि मग १ ते २ मिनिटें एकट्यानें बोलावयाचें असतें. तिसऱ्या भागांत त्याच विषयाच्या अनुषंगानें व्यापक चर्चा होते. गुण चार गोष्टींस सारखेच: बोलण्याचा ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार. ग्रंथालय किती मोठें होतें, ह्यास ह्या चारांत एकहि गुण नाहीं! परीक्षक भाषा तोलतो, इमारत नव्हे. उलट, पाठ केलेलें उत्तर अनुभवी कानास चटकन ओळखूं येतें. आणि एखादा आडवा प्रश्न आला कीं संगमरवरी जिना जागच्या जागीं कोसळतो.

"मग तूं वाचलेंस तरी कोठें?" आम्हीं पुसलें. तेव्हां ती बोलूं लागली. आश्रमशाळेंत एक लोखंडी पेटी होती. शनिवारीं दुपारीं बाई ती उघडीत. आंत तीसचाळीस पुस्तकें, कांहींचीं पानें सुटलेलीं. घरीं गोंडी बोलणाऱ्या ह्या मुलीस मराठी वाचनाची गोडी त्या पेटीनें लाविली. पुढें महाविद्यालयासाठीं ती गडचिरोलीस आली आणि अभ्यासिकेंत बसूं लागली. ज्यांनीं अभ्यासिका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: महिन्याचे पैसे भरावे आणि एक खुर्ची, एक दिवा व शांतता मिळवावी, पुस्तकें ज्याचीं त्यानें आणावयाचीं. पोलीसभरतीचा उमेदवार, तलाठ्याच्या परीक्षेस बसलेली सून, सारीं तेथें रात्रीं उशिरांपर्यंत खालमानेनें बसलेलीं असतात. "पण तेथें पुस्तकांचीं कपाटें नाहींत, म्हणून तें सांगण्यासारखें वाटलें नाहीं," ती म्हणाली. आम्हीं म्हटलें, "वही मीट. हेंच सांग."

मनुष्य खरें सांगूं लागला कीं भाषेच्या खऱ्या अडचणी पुढें येतात, आणि त्या सुधारतांहि येतात. आपल्याकडे 'मीं पुस्तक इश्यू केलें' असें सर्रास म्हणतात. इंग्रजीच्या रिवाजानें 'इश्यू' करतो तो ग्रंथपाल. वाचक पुस्तक 'बॉरो' करतो. उसनें देणें आणि उसनें घेणें ह्यांत 'उसनें' हा एकच शब्द आपणांस पुरतो. इंग्रजींत 'लेंड' आणि 'बॉरो' हीं दोन निराळीं क्रियापदें. संवय सांगतांना 'मी रोज जात आहें' अशा घडणीचें इंग्रजी बोलण्याची खोड तर घरोघर आहे. तेथें साधा वर्तमानकाळच हवा. आणि जी संवय आतां उरली नाहीं तिच्यासाठीं आपला 'जात असे' हा रीतिभूतकाळ आठवावा. इंग्रजीचें 'यूज्ड टु' तेंच काम करतें. 'शनिवारीं आम्ही पेटीभोंवतीं बसत असूं' हें वाक्य तिनें असेंच इंग्रजींत उतरविलें. तें तिला पाठ करावें लागलें नाहीं.

राहिला तिसरा भाग. ग्रंथालयांची आतां गरज उरली आहे काय, असें तेथें विचारतात. अशा वेळीं आपल्या मुलखाची माहिती उपयोगी पडते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचें जाळें उभारलें. त्यांतून पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरूं लागल्या. आश्रमशाळेची पेटी त्याच कुळांतली! पुस्तकें वापरासाठीं आहेत, हा डॉ. रंगनाथन ह्यांनीं १९३१ सालीं मांडलेला पहिला नियम त्या फाटक्या पानांनींच पाळला होता. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अलीकडे गडचिरोली पोलिसांनींहि दुर्गम गांवांत वाचनालयें उघडलीं आहेत. पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. अशा दिवसांत हातांतलें पुस्तक किती मोलाचें, हें तेथील माणसानेंच सांगावें. आणि तिच्याच तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवीं लोकांनीं अभ्यासगट करून कायदे समजून घेतले व २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. एकत्र बसून अभ्यास करण्याचें ह्याहून मोठें फळ कोणतें?

मुलगी नागपुरास जाऊन परीक्षा देऊन आली. कार्डावर ग्रंथालय नव्हतेंच. एखाद्या शांत जागेविषयीं बोला, असें होतें. ती अभ्यासिकेविषयीं बोलली. गुण हवे तेवढे मिळाले.

आमच्या वाचकांच्या घरीं कपाटें भरलेलीं आहेत. परंतु आपल्या मुलांस हाच प्रश्न विचारला तर तीं काय सांगतील? रात्रीं जेवतांना एकदां विचारून पाहावें: "ह्या आठवड्यांत काय वाचलेंस, आणि तें तुला कां आवडलें?" उत्तर मराठींत आलें तरी चालेल. ज्यास मराठींत सांगण्यासारखें कांहीं आहे, त्यास इंग्रजी शब्द शिकवितां येतात. ज्यापाशीं सांगण्यासारखें कांहींच नाहीं, त्यास शब्दांचा उपयोग काय? आणि वाचून झालेलीं दहा पुस्तकें एखाद्या पेटींत भरून कोणा आश्रमशाळेस पाठवावींत. शनिवारीं दुपारीं ती पेटी कोणी तरी उघडील.