‘रन’ कोठे धावतो आणि कोठे चालतो?

‘आम्ही हिमायतनगरला निघालो आहोत’ हे वाक्य नांदेड जिल्ह्यात उच्चारले, तर ऐकणारा तेथील तालुक्याचे गाव समजतो. तेच हैदराबादेत नारायणगुड्याच्या चौकात उच्चारले, तर त्याला बशीरबागेकडील वस्ती आठवते. शब्द एक आणि स्थळे दोन. तरीही घोटाळा होत नाही, कारण बोलण्याचा प्रसंगच अर्थाची निवड करून देतो. स्थलनामाच्या बाबतीत आपण हे सहज जाणतो. इंग्रजी शब्द शिकविताना मात्र तेच विसरतो आणि एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द लिहून मोकळे होतो. ‘रन म्हणजे धावणे’ हा असाच एक पाठ होय.

या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाचा पसारा थक्क करणारा आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थ असण्याचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. पुढील सुधारणेत ‘रन’ने त्याला मागे टाकले. केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे काढले. हे सारे पाठ करणे कोणासही शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. ज्याची ती मातृभाषा आहे, तोही ते पाठ करीत नाही. त्याला अर्थांमधले नाते ठाऊक असते, इतकेच.

ते नाते काय, हे काही उदाहरणांवरून पाहू. इंग्रजीत मुलगा ‘रन’ करतो, तेव्हा मराठीत तो धावतो किंवा पळतो. घड्याळ, कारखाना, शाळा आणि नाटक यांच्या बाबतीत इंग्रजी तोच शब्द वापरते. मराठीत मात्र ही सारी चालतात. नदी आणि नाक मराठीत वाहतात. ओल्या कापडाचा रंग जातो. रस्ता गावातून जातो. एखादा आजार घराण्यात चालत येतो. निवडणुकीत अमेरिकेचा उमेदवार धावतो. इंग्लंडचा उमेदवार मात्र आपल्या उमेदवारासारखाच उभा राहतो! या सर्व उपयोगांत वेग हा समान धागा नाही. न अडता पुढे जात राहणे, हा समान धागा आहे. पायांची अखंड गती प्रथम पाण्याला लागू झाली, मग यंत्राला, मग संस्थेला, मग काळाला, असा हा अर्थविस्तार समजून घेता येतो.

येथे आपल्या भाषांची एक मौज ध्यानी येते. हीच अखंडता सांगताना मराठीला धावण्याची आठवण होत नाही, चालण्याची होते. हैदराबादेत कानी पडणाऱ्या इतर दोन भाषांचाही कौल असाच आहे. उर्दूत दुकान ‘चलती है’, तेलुगूत शाळा ‘नडुस्तुंदि’. आणि ‘नडुचु’ म्हणजे चालणेच. एक आर्यकुळातली, एक द्राविडकुळातली. पण शतकानुशतकांच्या शेजाराने या भाषांच्या कल्पनाही एकमेकींजवळ आल्या असाव्यात. ज्या मुलाच्या घरी मराठी, गल्लीत दखनी आणि बाजारात तेलुगू असते, त्याच्याजवळ इंग्रजी वाक्यप्रयोग उलगडण्याची किल्ली आधीच असते. ती वापरावयास शिकविणे, एवढेच शिक्षकाचे काम.

‘धाव’ हा शब्द काही दरिद्री आहे असे मात्र कोणी समजू नये. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जात, त्यालाही धाव म्हणत. देवाचा धावा करतात, संकटात मित्र धावून येतो, पाहुणे धावती भेट देतात. क्रिकेटबरोबर ‘रन’ आला, तेव्हा मराठीने ‘धाव’ आणि तेलुगूने ‘परुगु’ हे घरचेच शब्द पुढे केले. उर्दूने ‘रन’च ठेवून घेतला. चेंडू सीमापार गेला की फलंदाज एक पाऊलही न धावता आपण ‘चार धावा’ म्हणतो. म्हणजे परक्या शब्दाच्या भेटीने आमच्या शब्दालाही नवा अर्थ फुटला. भाषा श्रीमंत होते ती अशी.

याच्या उलट प्रकार आज कानावर येतो. ‘ते हॉटेल रन करतात’, ‘ती क्लास रन करते’ अशी वाक्ये मराठी घरांतून ऐकू येतात. परभाषेतील शब्द घेण्यास आमचा विरोध नाही. टेबल आणि स्टेशन यांना कोणी परके म्हणत नाही. पण येथे जागा रिकामी नव्हती. ‘चालविणे’ तेथे बसलेले होते, त्याला उठवून ‘रन करणे’ बसविले. चालविणे मागे पडले की त्यासोबत चालढकल, चालरीत, चाल करून जाणे, ‘चालेल’ आणि ‘चालायचेच’ हा सारा गोतावळाही मुलांच्या तोंडून हळूहळू नाहीसा होईल, ही खरी चिंता आहे.

एक शब्द, एक प्रतिशब्द हा नियम सर्वस्वी त्याज्य आहे असेही नव्हे. शास्त्रीय परिभाषेत तो आवश्यकच असतो. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली याच शहरात भाषांतर विभाग स्थापन झाला, तेव्हा उर्दूतून विज्ञान आणि कायदा शिकविण्यासाठी निश्चित अर्थाच्या संज्ञा घडविणे त्याला भागच होते. परंतु संज्ञा घडवावी लागते, व्यवहारातला शब्द वाढत जातो. पहिलीला लागू पडणारा नियम दुसऱ्याला लावला की अडचण होते.

म्हणून आमची शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे, की ‘रन’चा अर्थ फळ्यावर एका शब्दात लिहू नये. चार लहान वाक्ये द्यावीत आणि ‘हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ असे विचारावे. कोणी चालते म्हणेल, कोणी वाहते, कोणी उर्दू किंवा तेलुगू शब्द सांगेल. सर्व उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत आणि त्यांतले साम्य मुलांनाच शोधू द्यावे. या तासात मुले इंग्रजी तर शिकतीलच. पण आपली मराठी किती कामे करू शकते, हेही त्यांना कळेल. ज्या शब्दाचे सामर्थ्य कळले, तो शब्द कोणी सहजासहजी टाकून देत नाही.